रातपाळी

तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तो वरवंडला, हायवेच्या कडेच्या चहाच्या टपरीवर, आणि तोही दुसऱ्याच्याच मोबाइलमध्ये. २०२५ च्या फेब्रुवारीतली सकाळ होती. पुण्याहून गावी गेलो की डेअरीला दूध घालून परतणाऱ्या मंडळींबरोबर मी त्या टपरीवर अर्धा तास बसतो. गावाची खबरबात तिथं पेपरच्या आधी कळते. एका ओळखीच्या गृहस्थानं मोबाइल माझ्यापुढं धरला आणि अगदी सहज विचारलं, "दादा, ही तुमचीच पुतणी ना?" गावात असा सहज विचारलेला प्रश्न कधीच सहज नसतो. फोटोत लाल-निळा उजेड होता, पाच-सहा पोरंपोरी होती, मागं रंगवलेली भिंत होती आणि मधोमध माझ्या चुलतभावाची मुलगी, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात बाटली. जागा बर्लिन. वेळ रात्रीचे दोन. म्हणजे आमच्याकडचे सकाळचे साडेसहा. फोटो निघाल्यावर अर्ध्या तासात तो वरवंडच्या टपरीवर पोचला होता. इतक्या वेगानं आमच्या गावात कधी कॅनॉलचं पाणी आलं नाही.

दुपारी चुलतभाऊ घरी आला. पाणीही न घेता म्हणाला, "दादा, नाक कापलं बघ पोरीनं. आपण हितं व्याज मोजायचं आन् ती तिथं रातचं दोन-दोन वाजता हिंडती. कुणाबर हिंडती, काय पिती, काय ठावं? तू बोल तिच्याशी. तुझ्या सहीवर गेलीया ती."

सहीचा मुद्दा खरा होता. ती हकिगत थोडी सांगायला हवी.

पुतणी पुण्यात सिव्हिल इंजिनिअर झाली आणि पाण्याच्या नियोजनाचा विषय घेऊन पुढचं शिकायला बर्लिनच्या तंत्र विद्यापीठात जायचं म्हणाली. तिथल्या सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी नसते, हे ऐकून भावाला वाटलं, चला, विमानाच्या तिकिटात भागलं. तसं नसतं. व्हिसा हवा तर वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे आधी एका बंद खात्यात दाखवावे लागतात. त्या वर्षी ती रक्कम होती ११,९०४ युरो, तेव्हाच्या भावानं अकरा लाखांच्या आसपास. त्यातले महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर लीन टाकलेली ठेव. मी तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी खेड्यापाड्यांतल्या शाखांत, त्यामुळं पुढचं मला पाठ होतं. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं आणि तारण म्हणून शेतजमीन सहसा कुणी घेत नाही. भावाची चार एकर बागायत, उभा ऊस, विहीर, सगळं असून कागदावर तो बिनतारणी. एका शाखेत तर साहेबांनी फाइल न उघडताच ती परत सरकवली. कारण सांगितलं नाही. मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. खुर्चीच्या त्या बाजूला मीही बसलो आहे आणि अशा काही फाइली मीही सरकवल्या आहेत. शेवटी हडपसरचा माझा फ्लॅट तारण दिला. आमच्या सौभाग्यवती त्यानंतर दोन दिवस फक्त कामापुरतं बोलत होत्या. २०२४ च्या सप्टेंबरात पोरगी गेली.

तर आता बोलणं भाग होतं. पण काय बोलायचं? "तू रात्री हिंडतेस का" असं चोवीस वर्षांच्या मुलीला विचारायचा मला धीर होईना. मी कादंबऱ्या लिहितो. पात्रांना काहीही विचारतो, पण घरातल्यांना नाही. म्हणून मी बँकवाल्याचा रस्ता धरला. तिला कळवलं, गेल्या तीन महिन्यांचा खातेउतारा पाठव. जामीनदार म्हणून मागतो आहे.

तिनं दहा मिनिटांत पाठवला. वर लिहिलं होतं, "तात्या, सगळं आहे. काही खोडलं नाही."

खातेउतारा हा माझ्या मते माणसाच्या चरित्राचा सगळ्यांत खरा मसुदा आहे. कर्जदार तोंडानं काय सांगतो यापेक्षा महिन्याच्या एकोणतीस तारखेला तो काय करतो हे उताऱ्यात दिसतं. व्यसन दिसतं, जुगार दिसतो, दुसरं घर असेल तर तेही दिसतं. मी चष्मा लावून बसलो. खोलीचं भाडं. आरोग्य विम्याचा हप्ता, दीडशेच्या घरात. तांदूळ, डाळ, कांदे. एका उपाहारगृहातून येणारा पगार, कारण विद्यार्थ्यांना तिथं वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे आणि किमान वेतन त्या वर्षी तासाला १२.८२ युरो होतं. आणि मग शनिवार. दर तीन-चार आठवड्यांनी एका शनिवारी एकदम चार नोंदी: कुठल्याशा क्लबचं प्रवेशशुल्क, दोनदा पेय आणि पहाटे साडेतीनला सात युरोचा डोनर कबाब. मी फोन लावला.

"फोटोतल्या बाटलीत काय होतं?"

"माटे. चहाच्या जातीचं असतं तात्या, झोप उडवणारं. दारू नाही. पण बिअरसुद्धा प्यायलेय मी दोनदा. खोटं कशाला सांगू?"

हे मी भावाला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगतो आहे ते तिच्या परवानगीनं. तिच्या वडिलांच्या घरी रविवारी हाच पेपर येतो, हे तिला माहीत आहे.

तीच म्हणाली, "उताऱ्यात काय कळणार? येऊन बघा की." माणूस निवृत्त असला, पासपोर्ट तयार असला आणि डोक्यात नवी कादंबरी अडलेली असली की असल्या आमंत्रणाला नाही म्हणणं अवघड. सौ.चे गुडघे दुखत असल्यानं मी एकटाच २०२५ च्या ऑगस्टात, शेवटच्या आठवड्यात, बर्लिनला उतरलो.

प्रेक्षणीय स्थळांची यादी मी घरूनच करून नेली होती. पोरीनं ती बघून घडी घातली आणि मला १०० नंबरच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर, पहिल्या बाकावर बसवलं. ही साधी सिटी बस आहे. भिंत पडल्यावर १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम बर्लिन जोडणारी म्हणून ती सुरू झाली. झूपासून निघते आणि विजयस्तंभ, संसद, उंटर डेन लिंडेन हा लिंबोणीसारख्या झाडांचा (लिंबोणी नव्हे, पण मला तेच सुचलं) राजरस्ता, विद्यापीठ, संग्रहालयांचं बेट असं सगळं दाखवत आलेक्झांडर चौकात सोडते. तिथं ३६८ मीटर उंचीचा टीव्हीचा मनोरा आहे, पूर्व जर्मनीनं १९६९ मध्ये उभारलेला. टूरिस्ट कंपन्या ज्याचे वीस-पंचवीस युरो घेतात ते ही बस साध्या तिकिटात दाखवते. विद्यार्थ्यांना हे सगळं पहिल्या महिन्यात कळतं, कारण त्यांना कळावंच लागतं.

विद्यापीठासमोरच्या चौकात ती मला उतरवून घेऊन गेली. बेबेलप्लाट्झ. मोकळा, फरसबंद चौक. मधोमध जमिनीत बसवलेली एक काच. खाली वाकून पाहिलं तर आत पांढरी पुस्तकांची कपाटं, आणि सगळी रिकामी. १० मे १९३३ च्या रात्री या चौकात विद्यार्थ्यांनीच हजारो पुस्तकं जाळली. मी पुस्तकं लिहिणारा माणूस. बराच वेळ वाकून राहिलो, इतका की पाठ धरली. पुतणी म्हणाली, "दिवसा नीट दिसत नाही. आपण रात्री येऊ. रात्री आतून उजेड असतो." आणि त्या रात्री आम्ही खरंच परत आलो. काळोख्या चौकात तेवढाच एक चौकोन उजळलेला होता. अकरा वाजून गेले होते. दोन मुली तिथं फरशीवर बसून सँडविच खात होत्या. त्यांच्याकडं कुणी वळूनही पाहत नव्हतं.

मी मात्र पाहत होतो. सवय.

बर्लिनच्या रात्रीबद्दल जगभर बरंच बोललं जातं आणि त्याला इतिहास आहे. हॉटेलं-गुत्ते ठराविक वेळेला बंद झालेच पाहिजेत हा नियम पश्चिम बर्लिननं १९४९ मध्येच काढून टाकला. एका हॉटेलवाल्यानं अमेरिकन कमांडंटला गळ घातली आणि परवानगी मिळवली, असं सांगतात. भिंत पडल्यावर पूर्वेकडले रिकामे कारखाने, गोदामं, तळघरं तरुण पोरांनी ताब्यात घेतली आणि तिथं टेक्नो नावाचं धडधडणारं संगीत सुरू केलं. ते एवढं रुजलं की मार्च २०२४ मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेली. म्हणजे आपल्याकडं ज्याला धिंगाणा म्हणतील त्याला तिथं वारसा म्हणतात. यातलं सगळंच मला पटलं असं नाही. ते संगीत मी एका दाराबाहेरून ऐकलं. ते कानांपेक्षा बरगड्यांना ऐकू येतं आणि मला जुन्या उसाच्या चरकाची आठवण झाली. अमली पदार्थ त्या जगात आहेत, हेही पोरीनं लपवलं नाही. "दिसतात. मी घेत नाही. विचारलं तर नाही म्हणायचं, मग कुणी परत विचारत नाही."

बर्गहाइन नावाचा सगळ्यांत प्रसिद्ध क्लब एका जुन्या वीजकेंद्रात आहे. शनिवारी रात्री उघडतो तो सोमवारी सकाळपर्यंत चालतो. आत फोटो काढायला बंदी, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर दारातच चिकटपट्टी लावतात. रविवारी सकाळी आम्ही भिंतीचा उरलेला सव्वा किलोमीटरचा रंगवलेला तुकडा बघायला निघालो होतो, तेव्हा मुद्दाम त्या बाजूनं गेलो. सकाळचे दहा वाजले होते आणि दारासमोर रांग होती! काळे कपडे घातलेली, गंभीर चेहऱ्याची पोरं. पुतणी म्हणाली, "मी इथं दोन तास उभी होते डिसेंबरात, बर्फात. दारावरच्या माणसानं एकदा बघितलं आणि मान हलवली. नाही. झालं."

"कारण?"

"कारण सांगत नाहीत."

मला त्या शाखेतल्या साहेबांची आठवण झाली. आम्ही दोघंही एकदमच हसलो, तेव्हा तिलाही तेच आठवलं असावं.

पण तिच्या रात्रीचा मोठा भाग क्लबात नव्हताच. तो रस्त्यात होता. उपाहारगृहातली पाळी अकराला सुटते. शनिवार-रविवारी भुयारी रेल्वे रात्रभर चालते, इतर दिवशी रात्रीच्या बसेस. स्टेशनांना फाटक नाही, तिकीट तुमच्या भरवशावर. न काढता सापडलात तर ६० युरो दंड. कोपऱ्याकोपऱ्यावर श्पेटी म्हणतात ती रात्रभराची दुकानं. त्यांच्यासमोर बाकावर बसून ती आणि तिच्या मैत्रिणी, एक तुर्की, एक कोलंबियाची, एक आपल्या नांदेडची, तास-दोन तास गप्पा मारतात आणि मग आपापल्या खोलीवर चालत जातात. रिकाम्या बाटल्या परत दिल्या की आठ सेंट, काहींचे पंचवीस सेंट मिळतात, ते साठवून महिनाअखेरचं दूध येतं. शहर सोवळं आहे असं अजिबात नाही. ठराविक बागांत ती अंधार पडल्यावर जात नाही. एकदा गाडीत एका झिंगलेल्या माणसानं "आपल्या देशात परत जा" म्हणून तिला तीन स्टेशनं सुनावलं आणि डब्यात कुणी चकार शब्द काढला नाही. ते सांगताना तिचा आवाज बदलला. पण लगेच म्हणाली, "तरी तात्या, रात्री एकटीनं चालण्यात जे आहे ना, ते मला सांगता येत नाही. पहिल्यांदा चालले तेव्हा मी उगीचच एक स्टेशन आधी उतरले होते. चालता यावं म्हणून."

हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. आमच्याकडच्या रात्रीचा हिशेब मनात चालू होता.

वरवंडपासून जवळच चौफुला आहे. तिथली कला केंद्रं, संगीतबाऱ्या साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पुणे-सोलापूर रस्त्यानं जाणारा कोण पुरुष तिथं थांबला आणि कोण नाही, याची चर्चा आमच्या गावात मी लहानपणापासून ऐकत आलो. मुंबईहून तपासणीला आलेल्या साहेबांना जेवणानंतर "चौफुला दाखवणं" हा एके काळी शाखाधिकाऱ्याच्या शिष्टाचाराचा भाग होता, आणि मीही तो पाळला आहे. तिथल्या कलावतींची कला मोठी आहे, त्याबद्दल मी वेगळं लिहीन. मुद्दा एवढाच, की रातचं दोन वाजता परतलेल्या आमच्या बापजाद्यांचा फोटो टपरीवर कुणी फिरवला नाही. रात्र आमच्याकडंही होती. ती कुणाची होती, हे मात्र ठरलेलं होतं.

याला एक अपवाद. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम यवतनंतर वरवंडला असतो. त्या रात्री आमचं गाव झोपत नाही. घरोघरी चुली, अंगणात दिंड्या, रस्त्यात भजन. आमच्या आया, चुलत्या, बहिणी त्या रात्री एक-एक वाजेपर्यंत गावभर हिंडायच्या, कीर्तन ऐकत, वारकऱ्यांना पाणी देत, आणि त्यांना कुणी विचारत नसे. दुसऱ्या दिवशी पालखी पाटसवरून रोटीच्या घाटाकडं निघाली की बायका परत घरात. माझी आई वर्षभर त्या रात्रीबद्दल बोलायची. मला वाटायचं, भक्तीमुळं. भक्ती होतीच. पण बर्लिनला पोरगी "एक स्टेशन आधी उतरले" म्हणाली तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की आईच्या बोलण्यात आणखीही काही असेल. आता विचारायला आई नाही.

बर्लिनला मला आणखी एक ठिकाण पाहायचं होतं, जे कुठल्याच टूरिस्ट यादीत नाही. शहराच्या नैर्ऋत्येला डालेम नावाचं शांत, झाडीचं उपनगर आहे. तिथं इनेस्ट्रासे २२ ही इमारत. आज ती फ्री युनिव्हर्सिटीकडं आहे. १९२७ पासून तिथं कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती आणि १९२८ च्या नोव्हेंबरात तिथं पुण्याची एक बावीस वर्षांची मुलगी शिकायला आली होती: इरावती कर्वे. 'युगान्त'वाल्या इरावतीबाई. त्यांच्या जाण्याची गोष्ट बँकवाल्यानं वाचण्यासारखी आहे. यजमान दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकून आलेले, त्यांचा आग्रह होता. पण सासरे, खुद्द महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलं, त्यांना सुनेला जर्मनीला पाठवणं मान्य नव्हतं. मग पैसे कुठून आले? जीवराज मेहतांनी कर्ज दिलं, पुढं गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले तेच. त्या कर्जावर इरावतीबाई बर्लिनला गेल्या आणि दोन वर्षांत डॉक्टर झाल्या.

त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व मापांनी सिद्ध करू पाहणारा माणूस. इरावतीबाईंना विषय दिला तो माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा. युरोपियांची कवटी त्या बाबतीत वेगळी निघावी आणि त्यातून बुद्धीची श्रेष्ठता दाखवता यावी, ही गुरूची अपेक्षा. शिष्येनं कवट्या मोजल्या आणि वंशागणिक तसा फरक दिसत नाही, असं लिहून मोकळी झाली. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, पदवी गुरूच्या हातात! पुढं नाझींच्या काळात याच संस्थेनं काय केलं, ते त्या दारावरच्या पाटीवर लिहिलं आहे. पुतणीनं मला ते जर्मनमधून वाचून दाखवलं. वाचता वाचता मध्येच थांबून म्हणाली, "त्यांना पण कुणीतरी विचारलं असेल का हो, संध्याकाळी कुठं जातेस?"

मला ठाऊक नव्हतं. १९२८ चं बर्लिन म्हणजे नाटकं, कॅबरे, सिनेमा यांनी रात्रभर जागणारं शहर, एवढं आपण वाचतो. त्यातलं इरावतीबाईंनी काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. पण पुण्याला परतल्यावर रस्त्यावरून स्कूटर चालवणारी, वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालून त्यावर लिहिणारी ती बाई होती. बर्लिनमध्ये ती खोलीतच बसून राहिली असेल, असं मानायला मन तयार होत नाही.

आता भावाकडं वळतो, कारण तो या गोष्टीतला खलनायक नाही. त्याची रात्र कशी असते ते सांगायला हवं. शेतीच्या पंपाची वीज आमच्याकडं काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बारा-एकला उठून उसात दारं धरायला जावं लागतं. मोटार आता मोबाइलवरून चालू होते, पण सरीतलं पाणी मोबाइलवरून वळत नाही. एका हातात बॅटरी, खांद्यावर खोरं, आणि भोवती माणसापेक्षा उंच ऊस. त्या उसात बिबट्या आहे. आमच्या शिरूर-दौंड भागात ही आता बातमी राहिलेली नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तिघांचे जीव गेले, त्यात लहान मुलं होती. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. एकटं जाऊ नका, बोलत राहा, गाणी लावा, असं वनखात्याची माणसं सांगतात.

या सगळ्याचा बर्लिनशी काय संबंध, तो मला तिथं पोचलो त्या पहिल्याच रात्री कळला. साडेदहाला आम्ही जेवून उठत होतो, तर पोरीचा फोन वाजला. तिनं तो टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि भांडी घासता घासता बोलायला लागली. वर्गातलं, उपाहारगृहातलं, भाजीच्या भावाचं, काहीही. पलीकडून अधूनमधून "हं... बरं... मग?" आणि पाण्याचा आवाज. पाऊण तास. फोन बंद झाल्यावर मी विचारलं.

"पप्पा. रातपाळीला दारं धरायला गेले की मला लावतात. तिकडं दोन वाजलेले असतात, कोण जागं असणार? फोन स्पीकरवर टाकून खिशात ठेवतात. माणसाचा आवाज पाहिजे ना." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणूनच मी शनिवारी जिथं असेन तिथून आधी बाहेर येऊन उभी राहते. त्या फोटोच्या रात्रीपण हिवाळ्यात साडेनऊला तासभर फूटपाथवर उभी होते. बोटं गारठली होती."

माझा भाऊ मला म्हणाला होता, कुणाबर हिंडती काय ठावं!

परतायच्या आदल्या आठवडाअखेरीला, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, बर्लिनमध्ये 'संग्रहालयांची लांब रात्र' होती. १९९७ पासून तिथं ही प्रथा आहे. वर्षातून एका रात्री सत्तरच्या वर संग्रहालयं संध्याकाळी सहापासून रात्री दोनपर्यंत उघडी, सगळ्यांना मिळून एकच तिकीट. सगळं शहर रस्त्यावर. पोरं बापाच्या खांद्यावर, म्हाताऱ्या बायका हातात हात घालून, आणि रांगेत माझ्यासारखे पाय दुखणारे. मला त्या गर्दीची चाल ओळखीची वाटली. मुक्कामाच्या रात्रीची ती चाल. पोरीला तसं म्हणालो तर ती म्हणाली, "मला पण. गेल्या वर्षी नव्हते इथं, पण पोस्टर बघूनच वाटलं होतं."

पहिली दोन संग्रहालयं उरकून आम्ही लायप्त्सिगर रस्त्यावरच्या संचार संग्रहालयात शिरलो. हे मुळात जर्मन टपालखात्याचं संग्रहालय. इमारत १८९८ ची, छतावर पृथ्वीचा गोल उचलून धरलेले दगडी राक्षस, रात्री निळ्या उजेडात न्हाऊन निघालेले. आत मोठ्या दालनात लहान मुलांच्या उंचीचे यंत्रमानव गरगर फिरत लोकांना नमस्कार करत होते. वरच्या मजल्यावर जुने टेलिफोन: हातानं फिरवायचे, भिंतीला टांगायचे, कानाला वेगळा आणि तोंडाला वेगळा. मी एकापुढं उभा राहून बँकेतला ट्रंक कॉलचा जमाना आठवत होतो, तेवढ्यात पोरीच्या पिशवीत फोन वाजला. साडेदहा.

ती जिन्याकडं निघाली, बाहेर जायला. मी म्हटलं, "इथंच बोल. आज सगळे मोठ्यानंच बोलतायत."

"पप्पा, मी आज म्युझियममध्ये आहे. तात्यापण आहेत."

"एवढ्या रातचं? कसलं मुजियम उघडं असतंय?" पाण्याचा खळखळ आवाज येत होता. नव्या लागणीला पाणी चालू होतं. पाऊस उघडला होता आणि शेजारच्याचा ऊस उभा.

तिनं सांगायला सुरुवात केली. यंत्रमानव, राक्षस, मॉरिशसचं १८४७ सालचं निळं तिकीट, त्याला केवढा पहारा, सगळं. तो "हं, हं" करत होता. मध्येच आवाज थांबला. पाण्याचाही. आम्ही दोघं फोनकडं बघत राहिलो. शेजारची एक जर्मन आजीबाईही थांबली. अर्धा मिनिट गेलं असेल.

"पप्पा?"

"आं. काय नाय. कुत्रं होतं. सरी फुटली होती, बांधून घेतली." मग खोऱ्याचा आवाज. "दादा हाय का? दादा, पाय दुखत असतील तुझं. ये की घरी आता."

मी म्हटलं, "दोनपर्यंत उघडं आहे, अरे."

"दोनपातूर?" तो थोडा वेळ काही बोलला नाही. पाणी पुन्हा वाहायला लागलं होतं. "बाया-माणसं हायती का अजून?"

"लेकरंबाळं घेऊन आल्यात सगळ्या," पोरगी म्हणाली. "पालखी आल्यासारखं."

"मग बघून घ्या सगळं. दादाला खुर्ची बघ कुठं मिळती का. आन् फोन ठिवू नको. माझ्या अजून आठ सऱ्या राहिल्यात."

तिनं फोन ठेवला नाही. मला खिडकीशी एक बाक मिळालं. ती फोन हातात धरून पुढच्या दालनात गेली आणि तिथं काय काय आहे ते एकेक वाचून त्याला सांगू लागली, आधी जर्मनमध्ये, मग मराठीत.